काठीचं वरचं टोक

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी काठी अडली तेव्हा हिलरीला आधी वाटलं, टोकाचा ब्रश कशाततरी अडकला असेल. माणिकपूरमधल्या इमारतींच्या खिडक्यांबाहेर लोकांनी काय काय ठोकून ठेवलेलं असतं, त्याला काही सुमार नाही. केबलच्या तारा, कपड्यांच्या दोऱ्या, मागच्या दिवाळीतल्या कंदिलाचा हूक. त्याने सवयीने मनगट जरासं फिरवलं, काठी थोडी खाली घेतली आणि परत वर सारली. काठी हलली नाही. मग ती वरून ओढली गेली. तो खाली कंपाउंडच्या भिंतीलगत मान मागे टाकून उभा होता. मार्च महिन्यातलं दहा वाजताचं ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि काठीवरून ओघळणारं पाणी कोपरावरून काखेत, काखेतून कमरेपर्यंत वाहत होतं. या धंद्यात माणूस जिथे काम करतो तिथे तो स्वतः कधी नसतोच. तीस फुटांवर ब्रश घासतो, पाणी सोडतो, कबुतरांची घाण खरवडतो, आणि डोळ्यांना दिसते ती फक्त खिडकीबाहेरच्या लादीची खालची बाजू. बाकीचं सगळं तळहाताला कळतं. लादी गुळगुळीत आहे की तडकलेली, शेवाळ ओलं आहे की वाळून पापुद्रा धरलेलं, हे हिलरी डोळे मिटूनसुद्धा सांगू शकला असता. आता तळहात सांगत होता की वर खिळा नाही, तार नाही, माणूस आहे. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. ग्रिलच्या गजांमधून एक हात कोपरापर्यंत बाहेर आला होता, हिरव्या बांगड्यांचा, आणि त्या हाताने ब्रशचे केस मुठीत आवळून धरले होते.

"ओ ताई, सोडा ना," तो ओरडला. "पाणी आत जातंय तुमच्या."

हात सुटला नाही. हिलरी वैतागला. काम सुरू करताना तो प्रत्येक मजल्याकडे तोंड करून हाळी द्यायचा, खिडक्या लावून घ्या, पाणी मारतोय, आणि तरी कोणी ना कोणी उघडी ठेवायचंच, वर भांडायचं. ब्रश धरून ओढणारेही भेटले होते. कोणाला तो चोर वाटायचा, कोणाला नुसतीच गंमत करायची असायची. तो दुसऱ्यांदा ओरडणार तेवढ्यात काठीतून एक दणका खाली आला. आवाज नव्हे; आवाज नंतर, खिडकीतून, दबलेला असा आला. दणका आला तो सरळ काठीतून, तीस फूट उतरून, त्याच्या दोन्ही तळहातांत. कुठेतरी दार आपटलं असेल असं त्याला वाटून गेलं. मग दुसरा आला. मध्ये थोडी शांतता, जेवढा वेळ माणसाला हात मागे घ्यायला लागतो तेवढीच. मग तिसरा, आणि त्या तिसऱ्याबरोबर ब्रशवरची मूठ आणखी आवळली गेली. वर ती बाई मार खात होती आणि खाताना हाताला लागेल ते धरून उभी होती. हाताला लागली होती हिलरीची काठी. हे त्याच्या डोक्याला कळायच्या आधी तळहातांना कळलं, कारण हा दणका तळहातांच्या ओळखीचा होता. फक्त त्यांना तो देताना माहीत होता. घेताना तो असा लागतो, हाडापर्यंत जातो आणि तिथेच राहतो, हे बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच समजत होतं. आणि मग हिलरीने काय केलं? त्याने काठी हिसडली. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून, दात खाऊन. का हिसडली, हे पुढे त्याला कोणी विचारलं नाही, पण त्याने स्वतःला बऱ्याचदा विचारलं. खरं उत्तर एवढंच होतं की ते तळहातांतलं त्याला एक क्षणही नको होतं. वर तो हात गजावर आपटला, बांगड्या फुटल्या, हिरव्या काचांचे दोन तुकडे पाण्याबरोबर त्याच्या खांद्यावर येऊन पडले. हात आत गेला. आतून कोणीतरी काच सरकवून खिडकी लावून घेतली.

काठी आता हलकी झाली होती. ब्रशमधून पाणी तसंच वाहत होतं, बंद काचेवर मुकाट्याने ओघळत होतं. ही काठी त्याने बहारीनहून आणली होती. तिथे अकरा वर्षं त्याने लोकांच्या बंगल्यांच्या काचा धुतल्या होत्या, मऊ, गाळलेल्या पाण्याने, एक डाग मागे न ठेवता. परत येताना सोनं आणलं नाही, टीव्ही आणला नाही, ही सहा तुकड्यांची, एकातून एक सरकणारी काठी आणली, तेव्हा सांडोरच्या घरी सगळ्यांनी नाकं मुरडली होती. इथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने काचेवर पांढरे ठिपके राहतात हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. मग त्याने काचांचा नाद सोडला आणि खिडक्यांबाहेरच्या लाद्या धरल्या. इमारती होत्याच, कबुतरं होतीच, शिडीवर चढायला कोणी तयार नव्हतं. सोसायटीवाले त्याला काठीवाला म्हणू लागले. रोझी, त्याची बायको, तेव्हा हसली होती. रोझी हसायची, हे आठवायला त्याला आता जोर लावावा लागायचा. पापणीच्या वर, भुवईत, तीन टाके पडलेली रोझी मात्र न बोलावता समोर यायची. जानेवारीत एका रविवारी, चर्चमधून मिस्सा आटपून घरी आल्यावर, कशावरून तरी, बहुतेक तिच्या भावाला फोन करायचा राहिला यावरून, त्याने तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं होतं. डॉक्टरला तिने सांगितलं, मोरीत पडले. डॉक्टरने लिहून घेतलं. घरी येऊन तिने क्रिस्टिनाची वह्यापुस्तकं भरली, तिच्या दोन फ्रॉकच्या घड्या घातल्या, आणि मुलीचा हात धरून भुईगावला आईकडे निघून गेली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. ती रडली असती तर हिलरीला बरं वाटलं असतं, कारण रडणाऱ्याची समजूत घालता येते आणि ते काम त्याला छान जमायचं.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपवास सुरू होतो त्या दिवशी, कपाळावरची राख न पुसता तो भुईगावला गेला होता. रोझी ओटीवर सुपात वाल सोलत बसली होती. त्याचं बोलायचं ते सगळं बोलून झालं, दारू सोडतो, फादरकडे येतो, तू म्हणशील ते करतो. ती सोलत राहिली. "ईस्टरपर्यंत," ती शेवटी म्हणाली. "ईस्टरपर्यंत हात उचलायचा नाय. माज्यावर नाय, मी तं इथंच हाय. कोनावरच नाय. रिक्षावाल्यावर नाय, कुत्र्यावर पन नाय." तो म्हणाला, कोणी अंगावर आला तर? रोझीने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. भुवईतले टाके काढलेले होते, खूण लाल होती. "तुज्याकडे कारन असतंच हिलरी," ती म्हणाली. "कारन नाय असं एकदा तरी झालंय? कारन असताना हात खाली ठेवून दाखव. मग मी पोरीला घेऊन येते." आणि त्याने ठेवला होता. लोकांना वाटेल, यात काय एवढं, पण ज्याने केलंय त्यालाच माहीत. स्टेशनजवळच्या स्टँडवर एका रिक्षावाल्याने आईवरून शिवी दिली तेव्हा दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबून तो चर्चच्या भिंतीपर्यंत चालत गेला होता, आणि भिंतीपाशी पोचल्यावर खिशातल्या बोटांना रक्त उतरून मुंग्या आलेल्या. असे आठवड्यामागून आठवडे. आज पवित्र आठवड्यातला बुधवार होता. रविवारी ईस्टर. शनिवारी संध्याकाळी रोझी घरी येणार होती, तिने तसा निरोप धाडला होता. हिलरीने घर धुऊन काढलं होतं, क्रिस्टिनासाठी नवी गादी भरून घेतली होती.

पंपापाशी स्टुलावर बसलेला सुधाकर उठून आला. सोसायटीचा वॉचमन, मूळचा कणकवलीकडचा, साठी उलटलेला, सगळ्या इमारतीची नाडी ओळखणारा माणूस. त्याने आधी पाण्याचा कॉक बंद केला, कारण टँकर काल एकच आला होता, मग हिलरीच्या खांद्यावरचा काचेचा तुकडा दोन बोटांनी उचलला, पाहिला, आणि गटारात टाकला.

"जितेंद्र साहेबांची खिडकी," तो म्हणाला. "तुम्ही पुढची घ्या, हिलरीशेट. ती राहू दे आज."

"मारतोय तो तिला."

"मारतो. नवीन काय त्यात? त्याची दुपारपाळी असली की सकाळी घरी असतो. माणूस बाकी चांगला. गणपतीत सगळा हिशेब-बिशेब, डेकोरेशन, सगळं तोच बघतो. कोणाशी वर मान करून बोलत नाही."

"कोणी जात नाही वर?"

सुधाकरने त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. "तुमच्याकडे येतात?" त्याने विचारलं. टोचून नव्हे, खरोखरच माहिती हवी असल्यासारखं.

हिलरीने नजर काठीकडे वळवली. याला कसं माहीत? मग ध्यानात आलं की याला काहीच माहीत नाही, हा सगळ्या गावाबद्दल विचारतोय. सांडोरला त्यांच्या घरी तरी कोण यायचं? बाप, बर्नार्ड, वाडीला पाणी लावून संध्याकाळी परतायचा तोच तापलेला. पाटाचा बांध कोणीतरी फोडलेला असायचा, पाणी दुसऱ्याच्या केळींना गेलेलं असायचं. विहिरीवरचा सोल, तो ओला काथ्याचा दोर, बापाच्या खांद्यावरच असायचा. आईच्या पाठीवर ओल्या सोलाचा आवाज वेगळा येतो, कपडा फाटावा तसा. शेजारच्या घरातली भांडी तेवढा वेळ वाजायची थांबायची आणि मग परत वाजायला लागायची. मग बाप हातपाय धुवायचा, दिवा लागायचा, आणि सगळे घरातल्या आल्तारासमोर गुडघ्यांवर बसून जपमाळ म्हणायचे. आई सुजलेल्या ओठाने पुढचं म्हणायची, बाप मागचं. बापाचा आवाज त्या वेळी खरोखर मऊ असायचा, खोटा नाही, आणि हिलरीला त्या मऊ आवाजाची सर्वांत जास्त चीड होती. मोठा झाल्यावर तो बापासारखा कधीच वागणार नव्हता. त्याने सोलाला कधी हात लावला नाही. आपण दोर वापरत नाही, म्हणजे आपण तो माणूस नाही, अशी त्याने बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली होती आणि ती चांगली टिकलीही होती.

तिसऱ्या मजल्याची खिडकी बंदच होती. त्याला दोन गोष्टी एकदम कळल्या. वर जायला हवं, ही एक. आणि वर जायची आपल्याला ओढ लागलीय, ही दुसरी. दुसरीला तो घाबरला. पहिली चांगल्या माणसाची होती, कोणत्याही चांगल्या माणसाची. पण दुसरी छातीत हळूहळू गरम होत होती, बाटलीतला पहिला घोट उतरावा तशी, आणि ती त्याच्या चांगलीच परिचयाची होती. सहा आठवडे त्याने एकेक कारण हातचं जाऊ दिलं होतं, क्षुद्र, फालतू कारणं, शिवी, धक्का, उशीर. आणि आता देवाने त्याच्यापुढे असं कारण ठेवलं होतं की ज्याला कोणी नाव ठेवू शकणार नाही, फादरसुद्धा नाही, रोझीसुद्धा नाही. रोझी काय म्हणेल? एक बाई मार खात होती आणि तू लाद्या धूत बसलास? त्याने स्वतःशी रोझीच्या आवाजात हे म्हणून पाहिलं आणि ते बरोबर वाटलं. फार सहज बरोबर वाटलं, म्हणून तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. नुसतं वर जायचं, बेल वाजवायची, बाईला विचारायचं. हात खिशात ठेवायचे. बोलता येतं माणसाला. असं ठरवून त्याने काठी भिंतीला टेकवली, ओल्या शर्टाला हात पुसले, आणि सुधाकर मागून "अहो, कशाला मध्ये पडताय" म्हणत असताना जिना चढू लागला. पहिल्या मजल्यापर्यंत तो चालत गेला. दुसऱ्यापासून दोन-दोन पायऱ्या घेत होता.

दार उघडलं ते एका सडपातळ, चष्मेवाल्या माणसाने. बनियन, पट्ट्यांचा पायजमा, हातात दुमडलेलं वर्तमानपत्र. केस नीट विंचरलेले. हिलरीला का कोण जाणे पण दांडगा माणूस दिसेल असं वाटलं होतं.

"बोला," जितेंद्र म्हणाला.

"ताई कुठायत?"

"का? तुम्ही खालचे ते पाणीवाले ना? अहो, हाताला लागलं तिच्या. काठी ओढलीत तुम्ही. बांगड्या फुटल्या. आम्ही तक्रार करणार नव्हतो, पण आलातच म्हणून सांगतो."

हे खरं होतं, हीच पंचाईत होती. हिलरीने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. खिडकीखालची फरशी ओली होती, त्याच्याच पाण्याने, आणि त्या पाण्यात एक बाई पोछा घेऊन बसली होती. तिचा उजवा हात पदरात गुंडाळलेला होता आणि ती डाव्या हाताने पुसत होती. पदराला रक्त लागलं होतं. "ताई," त्याने हाक मारली. तिने मान वर केली. तिशीची असेल. एका गालावर बोटं उठली होती आणि एक डोळा मिटत चालला होता, पण त्या डोळ्यांत त्याला बघून जे आलं ती सुटका नव्हती. ती भीती होती, आणि ती नवऱ्याची नव्हती.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "तुम्ही जा हो. उगाच अजून वाढेल."

"विनया, तू पूस," जितेंद्र मागे न बघता म्हणाला. मग तो दारात थोडा पुढे आला, आवाज खाली आणला, आणि जणू दोघं एकाच कचेरीतले असल्यासारखा म्हणाला, "लग्न झालंय ना तुमचं? मग तुम्हाला काय सांगायचं. कधी कधी डोकं फिरतं माणसाचं. तुम्हाला कळतं."

हिलरीला कळत होतं. अगदी पूर्ण कळत होतं. या माणसाच्या छातीत या घडीला काय आहे, ते मऊ मऊ शांत झालेलं, मारून झाल्यावरचं, जवळजवळ प्रेमासारखं, थोड्या वेळाने हा तिच्या हाताला हळद लावून देईल, चहा करून देईल, आणि तो चहा करताना याला स्वतःचाच गहिवर येईल, हे सगळं हिलरीला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. हात खिशात होते. ते कधी बाहेर आले हे त्याला आठवत नाही. पहिला ठोसा चष्म्याच्या मधल्या दांडीवर बसला आणि नाकाचं हाड हाताखाली सरकलेलं जाणवलं. जितेंद्र मागे टीपॉयवर पडला, टीपॉय मोडला. हिलरी त्याच्या छातीवर गुडघा ठेवून बसला. मग त्याला काही ऐकू येईनासं झालं, फक्त हात चालत राहिले, उजवा, डावा, उजवा, जबड्यावर, कानशिलावर, तोंडावर. दातावर लागून बोटांची सालटी निघाली तेही गोड लागलं. सहा आठवडे अडवून धरलेलं पाणी पाटातून सुटलं होतं. तो बापाला मारत होता असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही, बाप तिथे नव्हता. तो स्वतःला मारत होता असंही नाही. तो मारत होता, एवढंच. खालचा माणूस कोणी का असेना. आणि मग त्याला ऐकू आलं, कोणीतरी एकसारखं म्हणतंय, "परत करशील? सांग ना, करशील परत?" आवाज मऊ होता, दमलेला, जवळजवळ विनवणीचा. हे तो रोझीला म्हणायचा. शब्दन् शब्द हेच, याच चालीत.

"सोडा, मरेल तो," विनया ओरडत होती. तिने मागून त्याचा शर्ट धरला, दुखऱ्या हाताने, मग दोन्ही हातांनी, आणि लोंबकळून ओढू लागली. हिलरीने मागे न बघता कोपर झटकलं. कोपर तिच्या तोंडावर लागलं. तो आवाजही त्याच्या ओळखीचा होता, आणि त्यामुळे हिलरी थांबला. दया येऊन नव्हे, तर झोपेतून कोणी हाक मारल्यावर माणूस थांबतो तसा. त्याने वळून पाहिलं. ती ओल्या फरशीवर बसली होती, तोंडावर हात, बोटांमधून रक्त, आणि बसल्या बसल्या टाचांनी रेटत भिंतीकडे सरकत होती, त्याच्यापासून लांब. भिंतीला पाठ लागली तरी तिचे पाय रेटतच होते. हिलरी उठला. "ताई, चुकून लागलं," तो म्हणाला, आणि हेही वाक्य नवीन नव्हतं.

सुधाकर धापा टाकत वर आला तोवर जितेंद्र कुशीवर वळून रक्त थुंकत होता. सुधाकरने आत एक नजर टाकली, शेजारचं किलकिलं झालेलं दार हाताने लोटून बंद केलं आणि हिलरीच्या दंडाला धरून त्याला जिन्यावर आणलं. "तुम्ही जा आता," तो म्हणाला. "काठी मी ठेवतो पंपघरात. पोलीसबिलीस कोणी बोलावणार नाही, काळजी नको. काय सांगणार तो, कशावरून मारलं म्हणून? मोटरसायकलवरून पडलो सांगेल." मग दोन पायऱ्या उतरल्यावर थांबून म्हणाला, "बरं केलंत पण. कधीतरी कोणीतरी करायलाच हवं होतं."

भुईगावला जाणाऱ्या रिक्षात हिलरी एकटाच मागे बसला होता. आपण भुईगाव का सांगितलं हे त्याला कळलं नाही; सांडोर सांगायचं होतं. उजव्या हाताची बोटं फुगून एकमेकांना लागली होती. कोणाला कळणार नाही, हे सुधाकरने सांगितलं ते खरं होतं. शनिवारपर्यंत सूज उतरेल. पाईपच्या क्लॅम्पमध्ये हात सापडला म्हटलं की झालं. दोन्ही बाजूंनी वाड्या लागल्या, केळींवर ऊन पडलेलं, ओळींतून पाणी सोडलेलं, आणि तो ती गोष्ट मनात लावत गेला. आधी बांगड्यांचा हात. मग दणके. मग वर गेलो, बोलायला गेलो, हात खिशात होते. त्याने असं असं म्हटलं. मग मारलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. कोपराचं सांगायची गरज नव्हती, ते चुकून लागलं. जुनी सवय माणसाला किती लवकर मदतीला येते याचं त्याला नवल वाटलं. गोष्ट भुईगावच्या वळणापर्यंत इतकी चांगली झाली की ती ऐकून त्यालाच थोडं रडू आलं, आणि मग त्या रडण्याची त्याला किळस आली.

रोझी अंगणात भांडी घासत होती. तिची आई, फ्लॉसी, ओटीवर खुर्ची टाकून बसली होती. हिलरीला बघून दोघींनीही आधी त्याच्या चेहऱ्याकडे आणि मग त्याच्या हाताकडे पाहिलं. ईस्टरची सुट्टी लागलेली, त्यामुळे क्रिस्टिना घरीच होती. ती दारातून डोकावली, "पप्पा न्यायला आले," असं आत कोणाला नव्हे तर स्वतःलाच म्हणाली आणि पळत आत गेली. हिलरी बसला नाही. उभ्या उभ्या त्याने सांगितलं. रिक्षात लावली होती तशीच सांगितली, काठी, हात, दणके, जिना. रोझी हातातल्या पातेल्यावरून राखेचा चोथा फिरवत होती, तो हळूहळू थांबला.

"बरोबर केलं त्याने," फ्लॉसी मध्येच म्हणाली. जावयाची बाजू घ्यायची तिच्यावर पहिलीच वेळ होती. "मंग काय बघत ऱ्हायचं? बाईमानसाला मारतो म्हनजे? देवानेच धाडला याला तिथं. रोझी, ही गोष्ट धरू नको हां. ही त्यातली नाय."

हिलरीला वाटलं, संपलं. सुटलो. रोझीच्या चेहऱ्यावरही काहीतरी सैल झालं होतं, हे त्याने पाहिलं. आतून क्रिस्टिना बाहेर आली. तिने दप्तर पाठीला लावलं होतं, त्यातून फ्रॉकची बाही लोंबत होती, आणि पायात चपला घातल्या होत्या. ती येऊन ओटीच्या पायरीवर, कोणाच्या मध्ये येऊ नये अशी कडेला उभी राहिली.

रोझीने हात धुतले. पदराला पुसत ती त्याच्या जवळ आली, बऱ्याच महिन्यांत आली नव्हती इतकी जवळ, आणि तिने त्याचा उजवा हात उचलून उन्हात धरला. सालटी निघालेली बोटं एकेक करून पाहिली. भुवईतली खूण आता पांढरी पडत आली होती.

"कवा थांबलास?" तिने विचारलं.

रिक्षात लावलेली गोष्ट, कोपराशिवायची, त्याच्या जिभेवर होती. "तिने मागून धरलं," तो म्हणाला. "तिला पन लागलं. कोपर. तोंडावर लागलं तिच्या."

फ्लॉसीची खुर्ची करकरली. रोझीने हात सोडला नाही.

"मारताना बरं वाटलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वर्षानुवर्षं तिला हेच एक जाणून घ्यायचं असावं आणि विचारायची सोय नव्हती. हिलरीने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं तर ती आज संध्याकाळीच आली असती, नवी गादी घरी पसरून ठेवलेली होती, आणि त्याच्या मनात आलं की मी हिच्याशी खरं बोललो असा एकही दिवस मला आठवत नाही.

"हो," तो म्हणाला. "लय बरं वाटलं."

रोझीने मान हलवली, सावकाश, एखादा हिशेब शेवटी जुळल्यासारखी. तिने त्याचा हात खाली नेऊन त्याच्या मांडीशी ठेवला, जपून, दुखणार नाही असा, आणि सोडून दिला. मग ती पायरीकडे वळली.

"क्रिस्टिना," ती म्हणाली, "चपला काढ, बाय."